रेकॉर्ड उलटली कुणी?

१

ब्लेडकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहायचं. रेडिओ केंद्रात लहानथोर सगळे त्यांना ब्लेडकाका म्हणत. ध्वनिफिती कापायच्या काळात अर्ध्या ब्लेडनं ते माणसाचा खोकला असा अलगद काढत, की त्या माणसालाही वाटावं, आपण जन्मात कधी खोकलोच नाही. एका पुढाऱ्याच्या भाषणातून त्यांनी सगळे 'म्हणजे' काढले, तर बावीस मिनिटांचं भाषण नऊ मिनिटांत आटोपलं आणि पुढारी निवडून आला, असं सांगतात. सांगणारे अर्थात ब्लेडकाकाच.

आता ब्लेड गेलं होतं, पडदा आणि माउस आला होता, पण कान तेच होते. म्हणजे परवापरवापर्यंत तेच होते. गेले तीन महिने डाव्या कानात कुणी कापसाचा बोळा घालून विसरून गेल्यासारखं वाटत होतं. त्यातच वरून कागद आला: ध्वनिविभागातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांची महिनाअखेर कानतपासणी. जे नापास होतील त्यांची बदली तळघरात, जुन्या फायलींची सूची करायला.

ब्लेडकाका त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांना मरणाची फारशी भीती नव्हती. तळघराची होती.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोला तिसऱ्याच दिवशी कळलं, पण तिला कळणं आणि तिला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

त्या महिन्यात काम होतं 'जिना'चं. 'जिना' हे त्या रेकॉर्डचं खरं नाव नव्हे. कव्हरावर पाण्यात उतरत गेलेला दगडी जिना होता, दुसरं काहीही नव्हतं, म्हणून तिचं वेड लागलेल्यांनी तिला तेच नाव पाडलं. पाच जणांच्या एका रॉक बँडनं पन्नास वर्षांपूर्वी केलेली. गाणी म्हणावीत तर गाणी नाहीत. पहिली बाजू म्हणजे तेवीस मिनिटांचा एकच सलग तुकडा: ड्रम, गिटार, मध्येच बासरी, मध्येच खालच्या मजल्यावरून कुणी हाक मारल्यासारखा आवाज, आणि शेवटी ऑर्गनचा एक लांबच लांब सूर. तो सूर वाजत असतानाच बाजू संपते. उठायचं, रेकॉर्ड उलटायची, सुई ठेवायची, की दुसऱ्या बाजूला तोच सूर पुढे सुरू.

पन्नाशीनिमित्त कार्यक्रम ठरला: श्रोत्यांनी यायचं आणि 'जिना' पहिल्यांदा ऐकली तेव्हाची आठवण सांगायची. निर्माती होती एक एकोणतीस वर्षांची मुलगी. ती एका जागी अर्धं मिनिटसुद्धा बसत नसे, म्हणून तिला चिमणी म्हणत.

"काका, सोपं काम आहे. म्हातारे येतील, रडतील, जातील," चिमणी म्हणाली.

"म्हातारे कुणाला म्हणतेस? मी अठरा वर्षांचा असताना ऐकलीये ती."

"तेच म्हणतेय."

२

काम खरंच सोपं होतं. दुपारी दोनला एक माणूस यायचा. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत माइकसमोर बसायचा. त्या खोलीत खालपासून वरपर्यंत गालिचा चिकटवलेला. एखादा हत्ती चालला तरी आवाज येऊ नये. काचेच्या अलीकडे ब्लेडकाका. माणूस दहा मिनिटं बोलायचा. मग काका बटण दाबून म्हणायचे, "आता एक मिनिट गप्प बसा."

"म्हणजे?"

"काही करू नका. श्वास घ्या, तेवढा चालेल."

ही काकांची जुनी सवय. माणूस बसला की खोलीची शांतता बदलते. त्याचा शर्ट, त्याचं नाक, त्याची खुर्ची, सगळं तीत मिसळतं. बोलणं कापलं की तिथं भोक पडतं, आणि ते भोक त्याच माणसाच्या शांततेनं बुजवावं लागतं. दुसऱ्याची लावली तर ठिगळ कळतं. इतर कुणी एवढा खटाटोप करत नसे.

पहिले आले एक निवृत्त दंतवैद्य. सोबत स्वतःची रेकॉर्ड घेऊन, बाळाला दवाखान्यात आणावं तशी छातीशी धरून.

"मी सतरा वर्षांचा. घरी कुणी नव्हतं," ते सांगू लागले. "जेवणाच्या टेबलाखाली उताणा पडलो होतो. का विचारू नका. तिथं आवाज चांगला यायचा. आणि ती पहिली बाजू... मला हलताच येईना हो. हातपायच नव्हते मला. तो शेवटचा सूर आला, आणि मग दुसरी बाजू सुरू झाली, आणि मी रडलो. आयुष्यात दोनदाच रडलोय. दुसऱ्यांदा दातांच्या परीक्षेत."

काचेमागे काकांना हसू आलं. चुका पकडायची त्यांची खोडच होती. बटण दाबून ते म्हणाले, "डॉक्टर, हलता येत नव्हतं, तर रेकॉर्ड उलटली कुणी?"

"अं? मीच उलटली असणार."

"असणार?"

"दुसरं कोण उलटेल?"

बरोबर आहे, काकांनी मनाशी म्हटलं. सकाळी दात घासल्याचं कुठं आठवतं? दंतवैद्याला तरी आठवत असेल का?

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला आला. तो गच्चीवरच्या खोलीत, पाठीवर झोपून, डोळे मिटून. "सूर तुटलाच नाही," तो म्हणाला. तिसरी, नकाशे काढणारी बाई, आंघोळीच्या टबात होती. "सूर चालूच राहिला." चौथा, पाचवा. सगळे एकटे, सगळे आडवे, सगळे भारावलेले. आणि उठून, चार पावलं चालून, ती काळी तबकडी दोन तळव्यांत धरून उलटल्याचं कुणालाही आठवत नव्हतं.

"कॅसेट असेल," चिमणी म्हणाली.

"रेकॉर्डच होती. मी प्रत्येकाला विचारलंय."

"मग यंत्र आपोआप उलटत असेल."

"सुईची दांडी आपोआप उचलणारी यंत्रं होती. रेकॉर्ड उलटणारं यंत्र माझ्या तरी पाहण्यात नाही."

"काका, माणसं विसरतात. तुम्ही माझा वाढदिवस विसरलात."

हेही बरोबर होतं.

३

सहावी आली बसडेपोतली तपासनीस. दणकट बाई, आवाज असा की माइकनंच मागं सरकावं.

"मी पंधरा वर्षांची. पाय मोडलेला," ती म्हणाली. "मांडीपर्यंत प्लास्टर, पाय वर टांगलेला. मावशीनं रेकॉर्ड लावून दिली आणि बाहेरून कुलूप घालून ती कामाला गेली. तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपला पाय मोडला ते बरं झालं. अख्खी रेकॉर्ड ऐकली मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या आठवणीवर मी दोन बाळंतपणं आणि एक नवरा काढलाय."

काका गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचं बोट बटणावर गेलंच.

"बाई, यंत्र कुठं होतं?"

"समोरच्या कपाटावर."

"तुमचा हात पोचायचा?"

"दादा, पाय टांगलेला म्हणतेय ना मी!"

"आणि दार बाहेरून बंद."

"हो."

"मग उलटली कुणी?"

काचेपलीकडे तपासनीसबाईचं तोंड उघडं राहिलं. ती वर छताकडे बघू लागली, जणू तो कोपरा, ते कपाट तिथं टांगलेलं होतं. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"चाळीस वर्षांत हे कधी डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली. मग एकदम भडकली. "तुम्ही कशाला विचारलंत हो? काय अडलं होतं?"

तरीही जाण्याआधी ती एक मिनिट गप्प बसली. हात मांडीवर, डोळे दारावर.

४

त्या शांतता काका एकेक करून ऐकत बसले, तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर कुणीतरी जिन्यात मोठ्यानं हसत होतं. भुतांना सोयीची अशी ती वेळ नव्हे.

तपासनीसबाईचं मिनिट. तिचा श्वास. खुर्चीची करकर. मग, एक्केचाळिसाव्या सेकंदाला, फार खाली, फार दूर:

ठप्... ठप्...

बाजू संपल्यावर सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते, तो आवाज.

मग पावलं. अनवाणी, गुळगुळीत फरशीवर पडणारी. तीन. मग कापडानं काहीतरी गोल गोल पुसल्याचा आवाज. मिनिट संपलं.

काकांनी हेडफोन काढला. काचेपलीकडची खोली रिकामी होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. तिथं रेकॉर्डचं यंत्र नव्हतं, गेल्या पंधरा वर्षांत आलं नव्हतं, आणि फरशीचा तर तिथं कुणी चेहराही पाहिला नव्हता.

त्यांनी दंतवैद्यांचं मिनिट लावलं. एक्केचाळीस. ठप्. तीन पावलं. कापड.

चष्मेवाल्याचं लावलं. एक्केचाळीस.

पडद्यावर पाहिलं तर रेघ सरळ. खोलीची जी बारीक घरघर असते, तिच्याही खाली होतं ते. आवाज वाढवावा तर घरघरही तेवढीच वाढे. यंत्राला ते दिसत नव्हतं. फक्त कानाला लागत होतं. आणि कान कुणाचे, तर ब्लेडकाकांचे, ज्यांतला एक तीन महिन्यांपासून कापूस झाला होता.

त्यांच्या पाठीवर काटा आला तो पावलांमुळे नव्हे. निकामी होणारे कान नसलेले आवाज ऐकू लागतात, हे त्यांनी कुठंसं वाचलं होतं. आधी घंटा, मग शिट्टी. पावलं कुणाला ऐकू आल्याचं वाचलं नव्हतं, पण ब्लेडकाकांचं सगळंच चार बोटं वर.

विचारायला दुसरा कान हवा होता. दुसरा कान म्हणजे चिमणी. आणि ती जर म्हणाली, "काका, मला तर काहीच ऐकू येत नाही," तर तळघराच्या पायऱ्या तिथूनच सुरू होत होत्या.

त्यांनी कुणाला विचारलं नाही.

५

"अहो, दारावरची बेल तीनदा वाजली," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि नवऱ्याच्या चुकाही लाल पेनानंच मोजायची.

"ऐकली मी."

"मग उघडलं का नाही?"

"विचार करत होतो."

"डाव्या कानानं?"

ती जवळ येऊन बसली, त्यांच्या उजव्या बाजूला. ती आताशा नेहमी उजवीकडेच बसायची, आणि याबद्दल एक अक्षर बोलायची नाही.

"सांगा आता. काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. पावलांसकट सांगितलं. ती हसली नाही, हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

"तुम्ही कशी ऐकली होती हो ती रेकॉर्ड?" तिनं विचारलं.

"मी? छापखान्यावरच्या खोलीत. उन्हाळा होता. फरशी गार लागायची म्हणून खाटेखाली शिरलो होतो. यंत्र वर फळीवर, बरंच उंच. फक्त खाटेचे पाय दिसायचे आणि समोरची भिंत."

"बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

"पहिली बाजू संपली. मग?"

"मग ठप्, ठप्... आणि मग तो सूर..." काका थांबले. खाटेखालून बाहेर सरपटत आल्याचं, गुडघे झटकल्याचं, हात वर केल्याचं त्यांनी आठवून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. त्यांनीच कापावं इतकं सफाईदार कापलेलं होतं. सांधा कुठे आहे तेही कळत नव्हतं.

"तुम्हीच उलटली असणार," बायको म्हणाली.

"असणार."

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. जाताना तिनं तिथला दिवा लावला, आणि बाहेर स्वच्छ उजेड असताना बैठकीतलाही लावला.

६

तपासणीला दोन दिवस उरले असताना ब्लेडकाकांच्या हातून चूक झाली. अशी चूक, जी आयुष्यभर माणसांच्या शांतता साठवणाऱ्यालाच करता येईल.

सातवी आठवण आली होती. कार्यक्रम जुळवायला घेताना त्यांनी सातही शांतता पडद्याच्या तळाशी एकाखाली एक रचून ठेवल्या, सगळ्या एकाच रेघेपासून सुरू. त्यांतली एकच वाजू द्यायची, बाकी सहा बंद करायच्या, हे रोजचं काम. ते बंद करायलाच विसरले. कान दुखत होता म्हणून हेडफोन काढून ठेवलेला, आवाज स्पीकरवर, आणि तोही डाव्या कानाची भरपाई म्हणून शेजारधर्म सोडून वाढवलेला.

त्यांनी वाजवायचं बटण दाबलं आणि चहाचा कप उचलला.

सात शांतता एकमेकींवर पडल्या. प्रत्येकीची घरघर वेगळी, प्रत्येक श्वास वेगळा. ते सगळं एकमेकांत मिसळून सपाट झालं. पण जे सातहींत एकाच जागी होतं, ते एकमेकांच्या खांद्यावर चढून उभं राहिलं.

त्याच वेळी चिमणी दार ढकलून आत आली. "काका, तो चष्मेवाला विचारतोय, की त्याचं—"

ठप्... ठप्...

ती थांबली.

चप्. चप्. चप्.

ओल्या तळव्यांची पावलं. आता अगदी स्पष्ट. स्पीकरमधून येत होती खरी, पण दोघांनीही पाहिलं ते काचेपलीकडे.

मग कापड. गोल, गोल, सावकाश.

मिनिट संपलं.

"काका," चिमणी म्हणाली. "कोण चालत होतं?"

ब्लेडकाकांचा कप हातातच राहिला. "तू काय ऐकलंस?"

"तुम्ही नाही ऐकलंत?"

"तू सांग! काय ऐकलंस ते सांग!"

"पावलं."

"किती?"

"तीन. का?"

"आणि मग?"

"काहीतरी पुसत होतं कुणीतरी. काका, तुम्ही हसताय का?"

ब्लेडकाका हसत नव्हते. ब्लेडकाका उभे राहून नाचत होते. चहा जमिनीवर सांडला. त्यांनी चिमणीचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले, आणि पोरगी भीतीनं पांढरी पडलेली असताना तिला म्हणाले, "शाब्बास! अगं शाब्बास! पावलंच आहेत! खरीखुरी पावलं आहेत!"

"यात शाब्बास काय आहे?" ती किंचाळली.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. कापसाचा बोळा, तळघर, एक्केचाळिसावा सेकंद. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चिमणी जन्मात पहिल्यांदा एका जागी बसून ऐकत होती. तिची पाठ भिंतीला चिकटलेली आणि नजर काचेवर.

"थांबा," ती म्हणाली. "मला हे सात एकावर एक ठेवल्यावर ऐकू आलं. तुम्हाला?"

"एकात."

"एकाच मिनिटात? एकट्या तपासनीसबाईच्या?"

"हो."

"एवढ्या बिघडलेल्या कानानं?" तिनं कपाळावर हात मारला. "काका, साहेबांना मी सांगते. तुम्हाला तळघरात पाठवलं तर माझा राजीनामा घ्या म्हणावं. फक्त मला आत्ता इथून बाहेर न्या."

काका वळले, आणि का कोण जाणे, वळता वळता त्यांनी डोळे मिटले. तोच ती कापलेली जागा उघडली.

खाटेखालची गार फरशी. समोर, वीतभर अंतरावर, दोन टाचा. उचललेल्या. माणूस ठेंगणा असणार; उंच फळीवर हात पोचवायला चवड्यांवर उभा होता. टाचा पांढऱ्याफटक, सुरकुतलेल्या, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशा, आणि त्यांच्याखाली फरशीवर ओल. वर कुठेतरी कापड फिरत होतं. किती जपून! घाई नाही, ओरखडा नाही. मग सूर सुरू झाला, टाचा फरशीला टेकल्या, आणि क्षणभर तिथंच थांबल्या. उभं राहून कुणीतरी ऐकत होतं.

काकांनी डोळे उघडले.

"काय झालं?" चिमणीनं विचारलं.

"काही नाही. चल, बाहेर जाऊ."

घाबरायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण रेकॉर्ड इतक्या निगुतीनं पुसणाऱ्या माणसाची भीती किती बाळगायची? वेड्यांतलंच वेडं कुणीतरी. आपल्यासारखंच.

७

कानतपासणी सकाळी अकराला होती. साहेबांनी चिमणीचं ऐकून घेतलं होतं, पण कागद तो कागद. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना टेलिफोनच्या खोक्यासारख्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, जाड दार लावलं. आवाज आला की दाबायचं.

काका खिडकीतून बाईंच्या हाताकडे बघत राहिले आणि मन लावून दाबत राहिले. बारीक शिट्ट्या, जाड शिट्ट्या, कीटकाच्या श्वासाएवढ्या शिट्ट्या. वीस मिनिटांनी दार उघडलं.

"उजवा कान अफलातून आहे," बाई म्हणाल्या. "या वयात असा मी पाहिलेला नाही. डावा थोडा उतरलाय, औषधानं सुधारेल. कामाला काही हरकत नाही."

काकांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"एक मात्र विचारायचं होतं." बाईंनी चष्मा वर केला. "डाव्या कानाच्या सुरुवातीला, मी अजून एकही शिट्टी सोडली नव्हती, तेव्हा तुम्ही तीनदा बटण दाबलंत."

ब्लेडकाकांनी क्षणभरच विचार केला. "घाईत दाबलं गेलं असणार."

"होतं असं. सगळेच घाबरलेले असतात," असं म्हणून बाईंनी सही केली.

काका कागद घडी करून खिशात घालून बाहेर पडले. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. सायकलची घंटा, शटरचा खडखडाट, दूर कुठंतरी एका बाळाचं रडणं. सगळं कसं जिथल्या तिथं. त्यांनी बायकोला फोन लावला आणि म्हणाले, "पास."

"देवा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अहो, आणि ती पावलं?"

"ती माझ्या खात्यात येत नाहीत," काका म्हणाले, आणि आनंदात चालू लागले. मागं वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मागचं सगळं इतकं नीट ऐकू येत असताना पाहायचं कशाला?